मॉर्फिन वाढवूनही खांदा का दुखतो?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा फुफ्फुसाचा कर्करोग बराच पुढे गेला असून ते दिवसभर डाव्या कुशीवर पडून असतात. छातीतले दुखणे मॉर्फिनने आटोक्यात आहे, परंतु मान आणि उजवा खांदा सतत दुखतो. डॉक्टरांनी डोस वाढवल्यावर गुंगी आणि बद्धकोष्ठता तेवढी वाढली. आजार पसरला असे समजावे का? मालिश चालेल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कर्करुग्णाचे प्रत्येक दुखणे गाठीमुळेच असते, असे नाही. हालचाल थांबली आणि शरीर एकाच स्थितीत राहिले की मानेच्या व खांद्याच्या स्नायूंत ताठर पट्टे तयार होतात. त्यातल्या एखाद्या बिंदूवर बोटाने दाबताच कळ दंडापर्यंत किंवा डोक्याकडे जाते आणि रुग्ण स्वतःच 'हेच ते दुखणे' असे सांगतो. या बिंदूंना ट्रिगर पॉइंट म्हणतात. असे दुखणे मॉर्फिनला अनेकदा पुरेसे दाद देत नाही आणि डोस वाढत जातो. हे निदान मुख्यतः हाताने तपासूनच होते, स्कॅनमध्ये ते दिसत नाही. दुर्दैवाने घाईच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते. मात्र फुफ्फुसाच्या वरच्या टोकाची गाठ किंवा हाडात पसरलेला आजारही खांदा दुखवू शकतो, म्हणून ती शक्यता आधी तपासून घ्यावी.

मालिश चालेल, पण हलक्या हाताने, आणि हाडात आजार नाही, प्लेटलेट्स कमी नाहीत, रक्त पातळ करणारे औषध चालू नाही, याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्यावरच. कोमट शेक दिवसातून दोन-तीनदा द्यावा. रेडिएशन घेतलेल्या त्वचेवर तो देऊ नये, तसेच फेन्टॅनिल या वेदनाशामक औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच असल्यास त्याच्या आसपासही नको, कारण उष्णतेने औषध अधिक वेगाने शरीरात जाते. दर दोन तासांनी कूस बदलावी, दुखऱ्या हाताखाली उशी द्यावी. एवढ्याने भागले नाही तर त्या बिंदूत बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देता येते आणि काहींना त्याने लवकर आराम पडतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्यासारख्या पॅलिएटिव्ह मेडिसिन (गंभीर आजारातल्या वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) विभागात याविषयी विचारावे. आराम पडला तरी मॉर्फिन स्वतःहून कमी किंवा बंद करू नये.

मात्र पाठीत नव्याने तीव्र कळ, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी अडणे यांपैकी काहीही दिसल्यास मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते; तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.