विश्वाच्या जन्माचं कोडं उलगडणारा, पण विसरला गेलेला शास्त्रज्ञ कोण?

माझ्या मते राल्फ आल्फर. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज करून शिकलेला हा माणूस. सुरुवातीच्या तप्त विश्वात हायड्रोजन-हेलियम कसे तयार झाले, हे त्याने 1948 मध्ये पीएचडीत मांडलं. पण शोधनिबंधावर मार्गदर्शक गॅमॉव्ह यांनी मित्र बेथे यांचंही नाव घातलं, का तर आल्फर-बेथे-गॅमॉव्ह ही नावं आल्फा-बीटा-गॅमा या ग्रीक अक्षरांशी जुळावीत म्हणून! बेथेंचा त्या कामात काहीच वाटा नव्हता. दोन मोठ्या नावांमध्ये आल्फर झाकला गेला. मला हे अजूनही लागतं.

त्याच वर्षी रॉबर्ट हर्मनसोबत त्याने सांगितलं की त्या उष्णतेची धग अजून सगळीकडे, सुमारे 5 केल्व्हिनची (म्हणजे उणे 268 अंश सेल्सिअस), उरलेली असणार. 1965 मध्ये पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना ती सापडली, 1978 चं नोबेलही त्यांनाच.

सांगलीत लहानपणी वडील कौलांवर चढून टीव्हीचा अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, "अजून मुंग्याच दिसतायत!" त्या मुंग्यांमधला थोडासा अंश म्हणजे लहरींच्या रूपात अँटेनाने पकडलेली हीच धग होती. विज्ञानाच्या तासाला मी मुलांना आधी हे सांगते, मग फळ्यावर आल्फरचं नाव लिहिते.

अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्याला 2007 मध्ये मिळालं. आजारपणामुळे मुलाने ते स्वीकारलं. पुढच्याच महिन्यात आल्फर गेला.