नाशिकमध्ये बांधकामाच्या साइटवर कोणती देशी झाडं लावावीत?

झाडांआधी माती बघा. जेसीबी लावाल तेव्हा वरची फूटभर काळी माती मुरुमात मिसळू देऊ नका, कोपऱ्यात वेगळा ढीग करून ठेवा. नाहीतर ती भरावाखाली जाते आणि रोपं सिमेंटच्या राडारोड्यात पिवळी पडतात.

कुंपणाकडेला करंज, बहावा, आपटा, कांचन. खाली अडुळसा, निरगुडी. या दोन झुडपांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून काम चालू असतानाही टिकतात. भिंतीला खेटून वड-पिंपळ नकोच. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तो देशी समजून घेऊ नका.

पावसाने जमीन खोलवर भिजली की लावा. आणि साइटवर जुना कडुनिंब असेल तर कृपा करून तो आधी वाचवा. तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगी लागतेच.