आधी जागा धर

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. संशोधनाला वाघ घेऊ की बेडूक, शिकायला बेंगळुरू की डेहराडून, की सरळ परदेश? सगळं विचारलंस, पण कुठल्या रानात बसणार याची एक ओळ नाही. घोळ तिथेच आहे. आधी जागा धर. बेडूक की वाघ, ते तिथे बसल्यावर कळतं.

ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून पॅसिफिकातल्या गॅलापागोस द्वीपसमूहामधल्या डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर वर्षानुवर्षं फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत राहिलं. १९७७ ला दुष्काळ पडला. बारीक बी संपलं, टणक बी फोडणारे मोठ्या चोचीचे पक्षी जास्त तगले आणि त्यांची पिल्लंही तशीच निघाली. उत्क्रांती डोळ्यांदेखत मोजता आली, कारण दुष्काळाआधीचे आकडे वहीत होते. दुष्काळ काही कळवून येत नाही गं.

आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीकडच्या एका ओढ्यावर मी चार पावसाळे झुडपी बेडूक मोजले. इरलं पांघरून, शिसपेन्सिलीने, कारण शाई पावसात फुटते. एका रात्री बॅटरीच्या उजेडात त्यांची अंडी दिसली. आत शेपटीचा टॅडपोल नव्हताच, पाय दुमडून बसलेलं अख्खं पिल्लू होतं. माझे संशोधनाचे गाईड म्हणाले, यातून पेपर निघणार नाही, विषय बदल. मी बदलला. पाचव्या वर्षी जून कोरडा गेला आणि मी प्रयोगशाळेत होतो. त्या साली ओढ्यावर किती बेडूक ओरडले, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. ते पान कोरंच राहिलं.

त्यानंतर मी खानापूर सोडलं नाही. मागे राहिला म्हणतात. म्हणू देत. बारापेडे गुहेतल्या रॉटनच्या वटवाघळाची शास्त्रात नोंद १९१३ ची, आणि त्यानंतर कित्येक दशकं अख्ख्या जगात त्याचा तेवढाच एक पत्ता. असलं रान दाराशी टाकून मी कुठे जायला हवं होतं?

बेंगळुरूला जा, जरूर जा, संख्याशास्त्र पक्कं कर. पण पावसाळ्यात ओढ्यावर ये, दरसाल. कन्नड लिहायलाही शीक, टाळाटाळ पुरे झाली. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, परवान्यासाठी कर्नाटकच्या वनखात्याच्या दारात तुलाच उभं राहायचंय.

मृगाआधी ये. चारही वह्या प्लास्टिकात बांधून ठेवल्यात. पहिल्या वहीत साकवाजवळच्या जांभळापासून पावलं मोजून जागा लिहिल्यात. तिथेच उभी राहा, त्याच वेळेला, रात्री आठला.

तुझा,
काका