मदतीचं माप शिकावं लागतं

प्रश्न : मुलगी मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अपंग व्यक्तींना स्वतंत्रपणे राहायला मदत करणाऱ्या सेवेत सपोर्ट वर्कर व्हायचं म्हणते. दुसऱ्याची कामं करून द्यायला पदवी कशाला हवी? यात पुढे काही आहे का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. कामं करून देणारा सपोर्ट वर्कर हा या क्षेत्रात कच्चा समजला जातो. या सेवेत घर त्या व्यक्तीचं असतं, किल्ली तिच्याकडे असते आणि वर्कर बेल वाजवून आत येतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंग हक्क करारातलं कलम 19 नेमकं हेच सांगतं : कुठे आणि कोणाबरोबर राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

यंत्रात कपडे धुण्याचं उदाहरण घ्या. कपडे वेगळे करण्यापासून वाळत घालण्यापर्यंत दहा-बारा पायऱ्या होतात. कोणती पायरी जमते, कुठे अडतं, हे आधी बघून लिहून काढायचं. पुष्कळदा शिकवणं शेवटून सुरू करतात : आधीचं सगळं दोघांनी मिळून, शेवटचा कपडा मात्र त्या व्यक्तीनेच वाळत घालायचा. काम पुरं केल्याचं समाधान पहिल्याच दिवशी मिळतं. मग एकेक पायरी मागे सरकायचं. अडलं तर आधी थांबायचं, निदान दहा सेकंद. नवख्यांना हेच सर्वांत जड जातं. त्यानंतर खूण, मग शब्द, मग करून दाखवणं. हात धरणं अगदी शेवटी आणि तेही विचारून. तोंडी सूचनेची सवय लागली की सुटता सुटत नाही. समोरचा बटण दाबण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघू लागतो. म्हणून चित्रांची पट्टी बरी. ती यंत्राशेजारी राहते, वर्कर घरी जातो.

मानसशास्त्राचा उपयोग रोजच्या नोंदीत दिसतो. ‘आज चिडचिड केली’ ही नोंद निरुपयोगी. ‘9.10ला ड्रिलचा आवाज सुरू झाला, कान झाकले, खोलीत गेले, 15 मिनिटांनी बाहेर आले’ यावरून पुढची शिफ्ट काही ठरवू शकते. समोरच्याने औषध गिळल्यानंतरच वर्करने औषधाच्या नोंदीवर सही करायची. आधी सह्या उरकून ठेवल्या की डोस चुकलेला कळत नाही. पैशांचा हिशेब पावतीसकट, शिल्लक प्रत्येक शिफ्टला मोजून. फिट आली तर तोंडात काही घालायचं नाही, वेळ बघायची. पाच मिनिटांवर गेली तर आपत्कालीन मदत बोलवायची.

पगार सुरुवातीला बेताचा असतो, रात्रपाळी असते, आणि उचलण्याची पद्धत न शिकता माणूस उचलला तर कंबर जाते. हे तिला आत्ताच माहीत असू दे. पुढे ‘की वर्कर’ (एका व्यक्तीच्या मदतीची मुख्य जबाबदारी असलेला वर्कर), टीम लीडर, सेवा समन्वयक असा एक रस्ता आहे. वर्तन-विश्लेषण किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं तर दुसरा. तिथे प्रत्यक्ष कामाचे तास कामी येतात.

नोकरी धरण्याआधी तिने महिनाभर आठवड्यातून दोनदा स्वयंसेवक म्हणून जावं. मुलाखतीत तिनेही विचारावं : एकटीवर सोपवण्याआधी अनुभवी वर्करबरोबर किती शिफ्ट मिळतील? रात्री अडचण आली तर फोन कोण उचलतं? यावर उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी संस्था बघावी.