तीन सायकलचं पॅकेज आत्ताच घ्यावं का?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ३४ वर्षांच्या, मिस्टर ३८चे. तीन वर्षं प्रयत्न झाले, तीनदा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) झालं, पण दिवस राहिले नाहीत. आता डॉक्टरांनी आयव्हीएफ, म्हणजे बीजांड शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार, सुचवलाय आणि क्लिनिकने तीन सायकलचं, म्हणजे उपचाराच्या तीन फेऱ्यांचं, पॅकेज पुढे केलंय. पैसे आधी भरायचे, तिन्ही सायकलींत मूल झालं नाही तर निम्मे परत. घरासाठी साठवलेले पैसे मोडून आणि कमी पडतील तेवढ्याचं पर्सनल लोन काढून ते घ्यावं, की एकेक सायकल करत जावं? शिवाय दगदग नको म्हणून तुम्ही नोकरी सोडायच्या विचारात आहात.

तुमच्या रकमा मी इथे उघड करत नाही. क्लिनिकची एका सायकलची फी १०० धरू. त्या हिशेबात पॅकेज २२०चं, घराची साठवण १५०ची, आणि दोघांच्या पगारातून महिन्याला साधारण १० शिल्लक पडतात. आणीबाणीसाठी ठेवलेला पाच महिन्यांचा खर्च मी धरलेलाच नाही, कारण त्याला हात लावायचा नाही.

आधी तुमच्या बेरजेतली चूक. २२० वजा १५० म्हणून ७०चं लोन, असं तुम्ही लिहिलंय. पण पॅकेजच्या कागदावर खालच्या ओळीत आहे की औषधं, रक्ततपासण्या आणि भूलतज्ज्ञाची फी वेगळी. तुम्हाला दिलेल्या अंदाजानुसार हा वरखर्च पहिल्या सायकलला ४०च्या आसपास जातो. म्हणजे पहिलं इंजेक्शन टोचायच्या वेळी लोन ७०चं नाही, ११०चं असेल.

औषधं पॅकेजमध्ये का नसतात, हे उपचार कसा चालतो ते पाहिलं की कळतं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू होतात आणि बहुतेकींना दहा-बारा दिवस चालतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, कधी रक्त तपासणी, आणि त्यावरून डोस वाढतो किंवा कमी होतो. त्यामुळे औषधांचं बिल आधी कुणालाच नेमकं सांगता येत नाही. मग बीजांडं पक्व करणारं शेवटचं ‘ट्रिगर’ इंजेक्शन, ते ठरल्या वेळेलाच घ्यायचं, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजांडं काढतात. प्रतिसाद फार कमी आला तर सायकल मध्येच थांबवतात आणि तोवरच्या औषधांचे पैसे गेलेच. अशी थांबवलेली सायकल पॅकेजमध्ये ‘एक’ म्हणून मोजली जाते का, हे लेखी विचारा.

आता पॅकेजचा हिशेब, औषधं बाजूला ठेवून. दर सायकलला यशाची शक्यता ४० टक्के धरू. हा आकडा फक्त गणितासाठी, तुमच्या बाबतीतली शक्यता डॉक्टरच सांगतील. शंभर जोडप्यांतली ४० पहिल्याच सायकलला मोकळी होतात, १०० भरून. २४ जणांचं दुसरीत जमतं, २०० भरून. उरलेली ३६ तिसरीपर्यंत जातात, ३०० भरून. सरासरी निघते १९६. पॅकेजवाल्या सगळ्यांनी २२० भरले, शेवटी रिकाम्या हाती राहिलेल्या २१-२२ जोडप्यांना ११० परत मिळाले, तर सरासरी तीही १९६च्याच घरात. गंमत म्हणजे कुणी कुणाला फसवलेलं नाही. शक्यता ४०पेक्षा जास्त असेल तर पॅकेज महाग पडतं, कमी असेल तर स्वस्त. आणि अशा योजनांत वय आणि रिपोर्ट बघूनच प्रवेश देतात. तुम्हाला इतक्या आनंदाने घेतायत, यातून काय समजायचं ते समजा.

पण या गणितात एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच आहे. ‘सायकल’ म्हणजे काय? समजा बारा बीजांडं मिळाली. त्यातली नऊ-दहा पक्व निघतात, सहा-सात फलित होतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तीन भ्रूण ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे गर्भाशयात रुजायला तयार होण्याच्या, टप्प्यावर टिकतात. ही गळती नेहमीची आहे, त्या आठवड्यात रोज आकडा घटताना पाहून खचू नका. आता एक भ्रूण गर्भाशयात सोडला आणि दोन फ्रीज केले. पहिला रुजला नाही तर पुढच्या वेळी पुन्हा इंजेक्शनं नाहीत, बीजांडं काढणं नाही. फ्रीज केलेला भ्रूण वितळवून सोडायचा, एवढंच. त्याचा खर्च पूर्ण सायकलच्या मानाने बराच कमी असतो, तुमच्या क्लिनिकच्या दरपत्रकात तो ३० आहे. म्हणजे सुटं सुटं केलं तर तीन प्रयत्न १०० अधिक ३० अधिक ३० अशा १६०मध्येही होऊ शकतात. क्लिनिकने या प्रत्येक ट्रान्सफरला, म्हणजे भ्रूण सोडण्याला, ‘एक सायकल’ म्हटलं, तर १६०च्या वस्तूला तुम्ही २२० मोजलेत. पॅकेजमध्ये तीन वेळा बीजांडं काढून त्यांतून मिळालेल्या सगळ्या भ्रूणांची ट्रान्सफर धरलेली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी, मग ते खरंच विचार करण्यासारखं आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदात हे कुठेच स्पष्ट नाही.

परताव्याच्या अटीही वाचा. फ्रीज केलेला एक जरी भ्रूण शिल्लक असेल, तर परतावा मिळत नाही, असं बहुधा असतं. मधेच थांबावंसं वाटलं तरी नाही. आणि लोक थांबतात. माझ्याकडे सल्ल्याला आलेलं एक जोडपं दुसऱ्या सायकलनंतर दमलं, दोघांनाही थांबायचं होतं, पण ‘तिसरीचे पैसे भरलेत ना’ म्हणून पुन्हा इंजेक्शनं घेतली. त्या बाईंनी मला सांगितलं, तेव्हा इंजेक्शनपेक्षा भरलेली पावतीच जास्त टोचत होती.

म्हणून माझं मत: पॅकेज नको, लोन नको. पहिली पूर्ण सायकल घराच्या पैशांतून करा, १४० जातील. घर वर्ष-दीड वर्ष लांबेल, लांबू द्या. एरवी मी कुणालाही ‘वर्षभर थांबा, पैसे साठवा’ म्हणतो. इथे म्हणणार नाही, कारण पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरत जातात आणि चाळिशीकडे हा उतार तीव्र होतो. कागद नीट वाचायला दोन महिने गेले तर बिघडत नाही. पहिल्या प्रयत्नात यश आलं नाही आणि भ्रूण शिल्लक असतील, तर तीन महिन्यांच्या शिलकीत पुढची ट्रान्सफर बसते. भ्रूण उरलेच नाहीत, तर दुसऱ्या पूर्ण सायकलसाठी लोन काढायचं की नाही हे तेव्हा बोलू. तेव्हा निदान तुमचं शरीर औषधांना कसा प्रतिसाद देतं हे ठाऊक असेल. आज ११०चं लोन काढणं म्हणजे कदाचित लागणारच नाही अशा गोष्टीवर व्याज भरणं. भ्रूण फ्रीज ठेवण्याचं वार्षिक भाडंही हिशेबात धरा, ते लोक हमखास विसरतात.

किती वेळा करायचं, हे मात्र पहिल्या इंजेक्शनच्या आधी दोघांनी ठरवून लिहून ठेवा. दोनदा बीजांडं काढायची, त्यातले सगळे भ्रूण वापरायचे, मग थांबून विचार करायचा, अशी मर्यादा मला तुमच्या ऐपतीला धरून वाटते. ती नंतर बदलता येते. पण निगेटिव्ह रिपोर्टच्या संध्याकाळी बदलायची नाही.

क्लिनिकमध्ये ‘अजून हेही करून घ्या’ म्हणतील. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा फायदा सिद्ध झालेला नाही. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढण्याचा प्रकार एके काळी सर्रास चालायचा, २०१९ साली १,३००हून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत त्याने बाळं वाढली नाहीत असं दिसलं. ब्रिटनची नियामक संस्था एचएफईए अशा जोड-उपचारांना पुराव्यानुसार दर्जा देते, ते सगळ्यांना पाहता येतं. दोन भ्रूण एकदम सोडून ‘एका खर्चात जुळी’ हा मोहही टाळा. जुळी बाळं अपुऱ्या दिवसांची होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि नवजात अतिदक्षता विभागाचं बिल सायकलपेक्षा मोठं होऊ शकतं.

यशाचा टक्का विचाराल तेव्हा तो कशाचा, हेही विचारा. पॉझिटिव्ह टेस्टचा, की घरी आलेल्या बाळाचा? सुरू केलेल्या प्रत्येक सायकलमागे, की फक्त ट्रान्सफरपर्यंत पोचलेल्यांमागे? या दोन आकड्यांत खूप फरक पडतो.

आणखी एक. तुमचे सगळे रिपोर्ट ताजे आहेत, मिस्टरांचा एकच, तोही दोन वर्षांपूर्वीचा. मूल न होण्यात पुरुषाकडच्या कारणांचा वाटा जवळपास निम्म्या जोडप्यांत असतो. या सगळ्या यादीतली सगळ्यात स्वस्त तपासणी तीच आहे. आधी ती पुन्हा होऊ दे, कारण इक्सी (एकच शुक्राणू थेट बीजांडात टोचणं) लागणार की साधं आयव्हीएफ चालेल, हे ठरवताना डॉक्टर ती पाहणारच.

वडील निवृत्तीच्या पैशांतून मदत करतो म्हणाले, ती घेऊ नका. त्यांचं उत्पन्न संपलंय, तुमचं चालू आहे.

आणि राजीनामा नको. महिन्याची १०ची शिल्लक तुमचाही पगार आहे म्हणूनच पडते, ती गेली तर वरची सगळी योजना कोसळते. प्रत्यक्षात लागतं ते इतकं: दहा-बारा दिवसांत चार-सहा सकाळी क्लिनिक, बीजांडं काढण्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी, ट्रान्सफरच्या दिवशी सुट्टी. सायकलला तीन-चार रजा आणि काही उशिराचे दिवस. नंतर रक्ताची टेस्ट होईपर्यंतचे दहा ते चौदा दिवस मनाला जड जातात, पण पलंगावर पडून राहिल्याने भ्रूण रुजायला मदत होते असा पुरावा नाही. ऑफिसमधल्या एका विश्वासू माणसाला सांगून सकाळच्या वेळा मोकळ्या करून घ्या. तुमच्या विमा कंपनीलाही एक ईमेल टाका: उपचार वगळलेला असला, तरी त्यातून गुंतागुंत होऊन दाखल व्हावं लागलं तर खर्च मिळेल का? उत्तर लेखीच घ्या, आणि पॅकेजच्या कागदासोबत मला पाठवा.