भेटी 340, ऑर्डर शून्य

प्रश्न : वेबसाइटवरून हळद विकतो. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये एका अनोळखी साइटवरून आठवड्यात 340 भेटी दिसतात, ऑर्डर एकही नाही. हे ग्राहक कुठे अडतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हे बहुधा ग्राहक नाहीतच. त्या साइटचा पत्ता उत्सुकतेपोटीही उघडू नका. तुम्ही तो उघडावा म्हणूनच हा खटाटोप असतो.

‘ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन’ रिपोर्टमध्ये त्या ओळीचा सरासरी एंगेजमेंट वेळ, म्हणजे पान प्रत्यक्ष पाहण्यात गेलेला वेळ, पाहा. शून्याच्या आसपास असेल तर ‘एक्सप्लोर’मध्ये ‘सेशन सोर्स’शेजारी (भेट कुठून आली) ‘होस्टनेम’ (ती कोणत्या डोमेनवर नोंदली गेली) लावा. तिथे तुमचं डोमेन नसून ‘नॉट सेट’ किंवा भलतंच नाव आलं, तर त्या भेटी तुमच्या साइटवर झाल्याच नाहीत. पानाच्या सोर्समध्ये दिसणारा ‘जी’ने सुरू होणारा मेजरमेंट आयडी (तुमच्या अ‍ॅनालिटिक्सचा ओळखक्रमांक) वापरून कुणीतरी नोंदी थेट गूगलकडे धाडल्या. अशा वेळी होस्टिंगवर ब्लॉक लावून उपयोग नाही. होस्टनेम तुमचंच असेल, तर सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही) तपासा. तिथे तोच पत्ता सापडला तर मात्र ब्लॉक चालतो.

‘अनवॉन्टेड रेफरल्स’च्या यादीत (भेटीचा स्रोत म्हणून न धरायच्या साइट) त्या साइटचं नाव घालण्याची चूक बरेच जण करतात. त्याने भेटी गळत नाहीत, बहुतेकदा ‘डायरेक्ट’मध्ये (स्रोत न कळलेल्या भेटी) जाऊन मिसळतात, आणि मग त्या निवडणं आणखी अवघड. त्यापेक्षा एक्सप्लोरेशनमध्ये फक्त आपलं होस्टनेम फिल्टर करा.