हवाई वाहतूक नियंत्रण : प्राधिकरण की नौदल?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियंता असून माझे वय 23 आहे. हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे नक्की आहे. परंतु भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा द्यावी की नौदलाच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी अर्ज करावा, हे ठरत नाही. घरच्यांना गणवेशाची ओढ आहे.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तुम्हाला नियंत्रकाचे काम हवे आहे की लष्करी अधिकाऱ्याचे आयुष्य, यावर सारे अवलंबून आहे. नौदलात तुम्ही आधी अधिकारी असता. नियंत्रण ही त्यातली एक जबाबदारी. तिथेही प्रवासी विमाने हाताळायला मिळतात, कारण गोव्यातील दाबोळी विमानतळाचे नियंत्रण नौदलाकडे आहे, जसे पुण्याच्या लोहगावचे हवाई दलाकडे आहे. मात्र शॉर्ट सर्व्हिसची मुदत साधारण 10 वर्षांची असून ती आणखी 4 वर्षे वाढू शकते; म्हणजे ऐन उमेदीत पुन्हा नवी वाट शोधण्याची तयारी ठेवावी लागते.

प्राधिकरणात ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून रुजू झाल्यावर प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदिया येथील संस्थेत प्रशिक्षण होते आणि पुढे टॉवर (धावपट्टी व लगतचा परिसर), अप्रोच (विमानतळाकडे येणारी-जाणारी विमाने), एरिया (दूरच्या मार्गांवरील विमाने) अशी एकेक रेटिंग, म्हणजे त्या कामाची अधिकृत पात्रता, मिळवत जावे लागते. बदली झाली की नव्या ठिकाणची रेटिंग पुन्हा मिळवावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते; एक विमान उतरून धावपट्टी सोडत असते, दुसरे उड्डाणासाठी थांबलेले असते, तिसरे काही मैलांवर आलेले असते आणि तेवढ्या अवधीत दुसऱ्याला सोडायचे की थांबवायचे, हे नियंत्रकाने ठरवायचे असते. 10,000 फुटांची उंची दिली असता वैमानिकाने परत म्हणून दाखवताना 11,000 म्हटले, तर ती चूक तिथल्या तिथे पकडावी लागते, मग रात्रपाळीचा शेवटचा तास का असेना. या कामातच तुमचे मन रमणार असेल, तर मी निःसंकोच प्राधिकरण सुचवीन. घरच्यांची इच्छा आदरणीय आहे, पण पाळ्या तुम्हाला करायच्या आहेत.

प्राधिकरणाची वयोमर्यादा सर्वसाधारण गटासाठी 27 वर्षे असल्याने दोन्हीकडे अर्ज करण्यास हरकत नाही. शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी मात्र दृष्टी, रंगज्ञान आणि श्रवण यांची तपासणी करून घ्या. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवलेले उमेदवारही वैद्यकीय चाचणीत अडकतात.